जप म्हणजे काय? मागाची खटखट ऐका!

नमस्कार मंडळी! मागे खटखट ऐकू येतेय ना? येऊ दे. सोलापूरच्या पूर्व भागात बसलोय, भिंतीपलीकडं यंत्रमाग चाललेत. एकेक कामगार दोन-चार माग सांभाळतो. एवढ्या गोंगाटात त्याला काय कळत असेल? पण धागा तुटून एक माग थांबू दे, मान लगेच तिकडं वळते. जपाचं काम असंच चालतं.

डोळे मिटून ‘विचार करू नको’ म्हटलं की मन ऐकत नाही. माझं तर दहाव्या सेकंदाला कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर जातं! मंत्र धरला की एक लय लागते. ती तुटली की समजायचं, स्वारी फिरायला गेली. परत आणायची. स्वतःवर चिडायचं नाही.

योगसूत्रात पतंजली ॐकाराबद्दल म्हणतात, ‘तज्जपस्तदर्थभावनम्’. जप करायचा आणि अर्थही मनात धरायचा. नुसती पोपटपंची नको.

आता श्वासाचं बघा. मंत्र म्हणताना श्वास सोडावाच लागतो, त्यामुळं तो आपोआप लांबतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये २३ जणांवर हे तपासलं. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा बौद्ध मंत्र, दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. एरवी आपण १२ ते २० वेळा घेतो.

म्हणजे हिशोब करा. एका श्वासाला एक मंत्र धरला, तर १०८ मण्यांना १८ मिनिटं लागतात. तुमची माळ चार मिनिटांत संपत असेल तर, राग मानू नका, एक्स्प्रेस गाडी झाली ती.

आमच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांपुढं, ‘हर्र बोला हर्र’चा गजर होतो, अंगावर काटा येतो. पण तो उत्सव. ध्यानाला आवाज उतरवत न्यायचा: आधी मोठ्यानं, म्हणजे वाचिक, मग ओठ हलतील इतपत, म्हणजे उपांशु, शेवटी मनात, मानस. सुरुवातीलाच मानस करू नका, झोप लागते. अनुभव आहे!

माळ मधल्या बोटावर, ओढायची अंगठ्यानं. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मोठा मणी, आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची.

अरे, लाइट गेली वाटतं! सगळे माग थांबले. तुमचेही कान टवकारले ना? कॅमेऱ्याची बॅटरी आहे तोवर दहा श्वास सोबत करू. ताठ बसा. ॐ नमः शिवाय…