सीटखालचं भगदाड

(पडद्यावर : पोलिसांच्या संग्रहातला गाडीचा फोटो. संथ झूम.)

ही सुबारू स्टेशन वॅगन. घाई नको, नीट बघा. चालकाच्या सीटखालचा पत्रा फाटून खाली दबलाय. स्फोट नेमका कुठे झाला, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पुढे अकरा वर्षं कोर्टात जे भांडण चाललं, ते शेवटी या एका भगदाडाशी येऊन थांबतं.

२४ मे १९९०. कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर. दुपारचे बारा वाजायला काही मिनिटं कमी. गाडी जुडी बारी चालवत होती. शेजारी डॅरिल चर्नी. दोघं ‘अर्थ फर्स्ट’ या पर्यावरणवादी गटाचे कार्यकर्ते, निघाले होते सांताक्रूझला, एका सभेसाठी. जुडी फिडल वाजवायची, डॅरिल गिटार. सभेला गर्दी जमवायची त्यांची हीच रीत होती.

सीटखाली पाइप बॉम्ब होता. त्याला बाहेरून खिळे गुंडाळलेले, आत घड्याळ, आणि गाडी हलली की जुळणारा स्विच. जुडीच्या कमरेच्या हाडाचा चुरा झाला. डॅरिल थोडक्यात वाचला.

(पडद्यावर : हायलँड हॉस्पिटल. मग त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांची कात्रणं.)

काही तासांत अटक झाली. बॉम्ब ठेवणाऱ्याला नव्हे, बॉम्बने उडालेल्यांना. जुडी हॉस्पिटलच्या खाटेवर असतानाच आरोपी झाली. ओकलंड पोलीस आणि एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा, दोघांचं म्हणणं एकच : बॉम्ब यांचाच होता, कुठेतरी नेत होते, वाटेत फुटला. झडतीच्या वॉरंटसाठी कोर्टाला सांगितलं गेलं की बॉम्ब मागच्या सीटपुढे, खाली उघड्यावर होता, म्हणजे या दोघांना तो दिसलाच असणार.

आता पुन्हा एकदा पहिला फोटो.

(पडद्यावर : गाडीचा फोटो. पाच सेकंद. निवेदन नाही.)

दुसरा पुरावा खिळ्यांचा. जुडीच्या गाडीत सापडलेले खिळे आणि बॉम्बवरचे खिळे सारखेच, असं सांगितलं गेलं. जुडी पेशाने सुतार. सुताराच्या गाडीत खिळे नाही तर काय सापडणार? पण ते सारखेही नव्हते. बॉम्बवरचे बारीक डोक्याचे, लाकडात बुडून जाणारे. गाडीतले छपराला मारायचे, रुंद टोपीचे. दोन्ही शेजारी ठेवले तर सुतारकाम न केलेल्या माणसालाही फरक कळतो. एफबीआयच्याच प्रयोगशाळेतल्या माणसाने गाडी तपासून बॉम्ब सीटखाली होता असं सांगितलं, तरी ‘हेच संशयित’ हा घोष थांबला नाही. जुलैमध्ये सरकारी वकिलांनी आरोपपत्र दाखल करायला नकार दिला, तोवर ‘बॉम्बवाले पर्यावरणवादी’ हे नाव देशभर झालं होतं.

(पडद्यावर : ड्रोन. धुक्यातून वर येणारे रेडवूडचे शेंडे.)

हे सगळं कशासाठी, ते इथे दिसतं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे रेडवूड. शंभर मीटरच्याही वर जाणारे, काही तर दोन हजार वर्षांचे. मूळच्या जंगलातलं जेमतेम शेकडा पाच उरलेलं.

हंबोल्ट काउंटीत पॅसिफिक लंबर नावाची जुनी कंपनी होती. झाडं तोडायची, पण बेताबेताने, पुढच्या पिढीला पुरतील अशी. १९८६ मध्ये ‘मॅक्झॅम’ने ती ताब्यात घेतली, तीही चढ्या व्याजाच्या कर्जरोख्यांवर. कर्ज फेडायचं तर रोकड हवी, आणि रोकड उभी होती जंगलात. तोड दुपटीच्या घरात गेली.

जुडीचं वेगळेपण इथे आहे. ती आधी टपाल कामगारांच्या युनियनमधली. तिचं म्हणणं सोपं होतं : झाडं संपली की गिरणीही बंद पडणार, मग लाकूडतोड्या आपला शत्रू कसा? ती कामगारांच्या घरी जाऊन बसायची, त्यांच्या अपघातांच्या तक्रारी लढवायची. कंपनीला झाडाला मिठी मारणाऱ्यांपेक्षा ही बाई जड जाणार, हे उघडच होतं.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. अर्थ फर्स्टमधल्या काहींनी झाडांत खिळे ठोकण्याचा मार्ग धरला होता, करवत मोडावी म्हणून. १९८७ मध्ये क्लोव्हरडेलच्या गिरणीत करवतीचं पातं अशाच एका खिळ्यावर आदळून तुटलं आणि एक कामगार भयंकर जखमी झाला. तो खिळा कोणी ठोकला, हे निश्चित झालं नाही. एप्रिल १९९० मध्ये जुडी आणि तिच्या सहकाऱ्यांनी हा मार्ग जाहीरपणे सोडला. त्या उन्हाळ्यात या तोडीविरुद्ध ‘रेडवूड समर’ होणार होतं. १९६४ च्या मिसिसिपीतल्या, कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या मोहिमेसारखं : देशभरातून विद्यार्थी बोलवायचे, आणि तेही अहिंसेची अट घालून.

(पडद्यावर : धमकीचा कागद. जवळून.)

हा कागद स्फोटाच्या आधीचा. जुडीचा फोटो, आणि चेहऱ्यावर बंदुकीच्या दुर्बिणीची फुली. त्याआधी, १९८९ च्या ऑगस्टमध्ये, लाकडं वाहणाऱ्या ट्रकने तिची गाडी मागून ठोकली होती. गाडीत मुलं होती. तिने धमक्यांची तक्रार केली. चौकशी कोणाची झाली, ते आपण पाहिलं.

आणखी एक योगायोग. योगायोगच म्हणू, कारण कोर्टात याहून जास्त काही सिद्ध झालं नाही. स्फोटाच्या महिनाभर आधी हंबोल्ट काउंटीत एफबीआयने पोलिसांना बॉम्बच्या तपासाचं प्रशिक्षण दिलं. त्यात गाड्यांमध्ये पाइप बॉम्ब ठेवून उडवले, आणि मग पुरावा कसा वाचायचा ते शिकवलं. तिथे शिकवणारा तज्ज्ञच २४ मे रोजी ओकलंडच्या रस्त्यावर या गाडीपाशी उभा होता. फाटलेला पत्रा वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याला तो इथे वाचता आला नाही!

(पडद्यावर : ओकलंडचं फेडरल कोर्ट. पायऱ्या, फलक, गाणी.)

मे १९९१. जुडी आणि डॅरिलने एफबीआयचे एजंट आणि ओकलंडचे पोलीस अधिकारी यांच्यावर दिवाणी दावा लावला. बॉम्ब कोणी ठेवला, हा प्रश्न या दाव्यात नव्हताच. प्रश्न नागरी हक्कांचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती सबळ कारणाशिवाय अटक आणि झडती करू देत नाही. पहिली दुरुस्ती बोलण्याचं, संघटना करण्याचं स्वातंत्र्य देते. खोटी माहिती देऊन आम्हाला अटक केली, आणि ती आमचं तोंड बंद करण्यासाठी केली, असा दावा.

वकील होते डेनिस कनिंगहॅम. शिकागोत पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या, ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाच्या नेत्याच्या, फ्रेड हॅम्प्टनच्या खटल्यात लढलेले. एफबीआयशी कोर्टात कसं झुंजायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग अकरा वर्षं का लागली? कारण अशा दाव्यात सरकारी नोकराला एक ढाल असते. आपण करतोय ते बेकायदा आहे हे कुठल्याही समंजस अधिकाऱ्याला कळायला हवं होतं, असं दाखवता आलं तरच खटला पुढे सरकतो. ही ढाल घेऊन प्रतिवादी अपिलात गेले. कागद मागायचे, ते काळ्या पट्ट्या मारून यायचे, पुन्हा मागायचे. एफबीआयचे सॅन फ्रान्सिस्कोचे प्रमुख दाव्यातून वगळले गेले. बाकीचे राहिले.

(पडद्यावर : जुडीची व्हिडिओ जबानी. मूळ आवाज, चाळीस सेकंद.)

ही जबानी १९९७ च्या सुरुवातीची. जुडीला स्तनाचा कर्करोग झाला होता, आणि खटला उभा राहीपर्यंत आपण नसणार हे तिला माहीत होतं. २ मार्च १९९७ ला ती गेली. वय ४७.

(पडद्यावर : २००२. कोर्टाबाहेरची गर्दी.)

एप्रिल २००२ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. आत कॅमेऱ्याला मज्जाव, म्हणून तुम्हाला पायऱ्याच दिसतायत. आत जे झालं त्यातलं एकच सांगतो : पोलीस म्हणाले, हे दहशतवादी आहेत असं आम्हाला एफबीआयने सांगितलं. एफबीआय म्हणाली, तपास पोलिसांचा, आम्ही फक्त मदतीला. आणि ज्यूरीसमोर जुडीची तीच जबानी लावली गेली.

ज्यूरी १७ दिवस बसली. ११ जून २००२ ला निकाल लागला : सातपैकी सहा अधिकारी दोषी, भरपाई ४४ लाख डॉलर, त्यातला ८० टक्के भाग बोलण्याच्या स्वातंत्र्यावर घाला घातला म्हणून. २००४ मध्ये तडजोड ४० लाखांवर झाली, निम्मे ओकलंड शहराचे, निम्मे केंद्र सरकारचे.

बॉम्ब ठेवल्याबद्दल आजवर कोणावर खटला चाललेला नाही. एफबीआयने २०१० मध्ये स्फोटकांचे उरलेले पुरावे नष्ट करायचं ठरवलं, तेव्हा डॅरिल पुन्हा कोर्टात गेला : त्या पुराव्यांवरचा डीएनए आधी तपासू द्या.