फुंकर मारून घेतलेलं कापड

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या चैत्रात जळगावच्या फुले मार्केटमध्ये एका दुकानात मी कापड तोंडाशी धरून फुंकर मारत होतो. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "भाऊ, तुम्हाले ब्लाउज शिवाले पाहिजे का पडद्याले?" म्हटलं, "रेडिओले पाहिजे." त्यानं कापड माझ्या हातातून काढून घेतलं नाही, हे त्याचे उपकार.

हा रेडिओ पारोळ्याच्या नातेवाइकांच्या माळ्यावरचा. व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, लाकडी पेटीचा. आतलं काम जाणत्या मेकॅनिकनं केलं, रेडिओ बोलू लागला. पण स्पीकरवरचं कापड उंदरांनी कुरतडलेलं. लोक जुन्या व्हॉल्व्हसाठी गावोगाव फिरतात आणि कापड मात्र घरातल्या उरल्यासुरल्या पडद्याचं लावतात. मीही तेच केलं होतं. सोफ्याचं उरलेलं चॉकलेटी कापड होतं, जाडजूड. लावलं, तर रेडिओ नवरदेवासारखा दिसायला लागला. सुरू केला, आणि निवेदिका गोधडीत तोंड घालून बातम्या सांगतायत असं वाटलं.

असं का होतं? जाड, घट्ट विणीच्या कापडातून ढोलकीचा घुमारा येतो बाहेर, पण झांजेची किणकिण, सतारीची तार, बोलण्यातले 'स' आणि 'श' तिथेच अडतात. बारीक आवाज कापड आधी खातं. त्यात मध्यमलहरींवर दोन केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झचं, म्हणजे प्रत्येकाच्या आवाजाला जागा थोडीच, त्यामुळे फार उंच सूर तिथे मुळातच पोचत नाहीत. जे थोडे येतात तेही कापडानं गिळले, तर व्हॉल्व्ह बदलण्यात घातलेले पैसे पाण्यातच गेले म्हणायचे.

म्हणून फुंकर. कापड तोंडासमोर धरायचं, पलीकडे तळहात. वारा हाताला सहज लागला पाहिजे. मग उजेडाकडे धरून बघायचं, धाग्यांमधून उजेड दिसला पाहिजे. खण, ब्रोकेड, मागून रबराचा लेप दिलेलं पडद्याचं कापड या परीक्षेत नापास. मांजरपाटही चालत नाही, वीण फार दाट. आपल्याकडे बायका भरतकामाला मॅटी वापरतात ना, चौकटी-चौकटीची, सुटसुटीत विणीची, ती मला सगळ्यांत बरी वाटली. धाग्याला अंग असतं, तरी वाट मोकळी. मलमल आवाजाला उत्तम, पण ज्या फळीवर कापड ताणून बसवतात ती आतली फळी आणि स्पीकरचं भोक त्यातून दिसतं. त्यावर सोपा उपाय आहे: फळीचा दर्शनी भाग आधी काळ्या रंगानं रंगवून घ्यायचा. हे मॅटीलाही करावंच.

आता रंग. जुनं कापड मळलेलं, उन्हानं उडालेलं, त्यावरून रंग ठरवलात तर फसाल. कापडाची कडा पेटीच्या चौकटीखाली दाबलेली असते, तिथे ना उजेड पोचतो ना आपल्या खान्देशातली धूळ. मी कडा उलटून बघितली. ज्याला घरातले सगळे मातकट म्हणत होते, ते मुळात मधाच्या रंगाचं होतं आणि त्यात बारीक तपकिरी रेघ होती! चकाकणाऱ्या जरीचा मोह मात्र आवरा. प्लास्टिकचा लेप दिलेली ती चमकती जर रेडिओत रुळली दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधीच्या पेटीला ती लावली, तर आजोबांच्या डोक्यावर नातवाची टोपी.

मॅटी पांढरी मिळाली. धुऊन घेतली, कारण सुती कापड पाणी लागलं की आटतं, आणि ते आटायचं तर फळीवर ताणण्याआधीच आटलेलं बरं. मग चहाच्या उकळलेल्या पाण्यात बुडवली. दोनदा बुडवल्यावर मधाचा रंग आला. इस्त्री केली. जुनं कापड मात्र धुऊन वापरायच्या फंदात पडू नका. एका दुसऱ्या रेडिओचं मी धुतलं होतं. तपकिरी रेघांचा रंग सगळीकडे पसरला आणि कापड बोटभर आखूड झालं.

काढ-घाल करताना प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आतल्या कंडेन्सरमध्ये त्यानंतरही वीज साठून राहते, तेव्हा चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला आतला पत्र्याचा सांगाडा, मेकॅनिकलाच काढू द्यावी. आणि स्पीकर सोडवताना त्याच्या कागदी कोनावर, म्हणजे शंकूवर, पुठ्ठा धरा. मागे लोहचुंबक असतं. स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की ते त्याला असं खेचतं की टोक थेट कागदात. माझ्या स्पीकरला अजून तिथे ठिगळ आहे.

लावताना उभा-आडवा धागा फळीच्या कडेशी समांतर ठेवायचा. एक धागा तिरका गेला तरी रोज डोळ्यात खुपतो. आधी चारही बाजूंच्या मधोमध टाचण्या, मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं, म्हणजे ताण सारखा बसतो. फेव्हिकॉल फक्त कडेला, अगदी पातळ, आणि जरा चिकट झाल्यावरच कापड टेकवायचं. ओलं असताना दाबलं तर पुढून डाग फुटतात. सैल राहिलेलं कापड मोठ्या आवाजाला थरथरतं, आणि माणूस बिचारा स्पीकर फाटला म्हणून दुकानात घेऊन जातो.

उंदरांनी सोडलेला जुन्या कापडाचा तुकडा मी पाकिटात घालून पेटीच्या आत, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलाय. पुढे कुणी उघडलाच, तर त्याला खरा रंग कळेल. उरलेल्या मॅटीवर घरात मोराचं भरतकाम सुरू झालंय. तो टेबलक्लॉथ या रेडिओखालीच घालायचा, असं मला कळवण्यात आलं आहे.

नमस्कार.