नारिंगी बाइकचा हिशेब, मुक्काम आकुर्डी

(दृश्य: नाना पेठ, सकाळ. शटरं वर जाताहेत.)

दुचाकीचा पार्ट नाना पेठेत मिळाला नाही, तर पुण्यात शोधू नका, असं जुने मेकॅनिक सांगतात. फुटपाथला लागून केटीएम कंपनीची एक नारिंगी ड्यूक बाइक उघडून ठेवली आहे. घासलेल्या क्लचप्लेट कालच्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्यात, ऑइलचे डाग थेट अग्रलेखावर. कंपनीचं ब्रीद आहे, ‘रेडी टू रेस’. ही बिचारी दुपारपर्यंत तरी कुठं जात नाही.

(दृश्य: चाकण, कंटेनरची रांग.)

केटीएम ऑस्ट्रियाची, गाव माटिगहोफेन. ही बाइक मात्र चाकणची. 2007 मध्ये बजाज ऑटोनं केटीएमचा 14.5 टक्के हिस्सा घेतला. 2012 मध्ये ड्यूक 200 आली आणि एफसी रोडच्या पोरांना घरी हट्ट धरायला नवं निमित्त मिळालं.

तिकडं शर्यती चालूच होत्या. डकार रॅली म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत; तिच्या बाइक गटात 2001 ते 2019 या काळात केटीएम सलग 18 वेळा पहिली. 2017 मध्ये कंपनी मोटोजीपीत, म्हणजे ट्रॅकवरच्या बाइक शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत, उतरली. 2020 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला रायडर ब्रॅड बाइंडरनं मोटोजीपीतला पहिला विजय मिळवून दिला. मोटोजीपीची बाइक शोरूममध्ये मिळत नाही. ती विकायची नसतेच. तिच्या नावावर बाकीच्या विकायच्या असतात.

(दृश्य: माटिगहोफेन, बंद असेंब्ली लाइन.)

29 नोव्हेंबर 2024. केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेसाठी कोर्टात गेली. विक्रीपेक्षा उत्पादन जास्त झालं, माल साचला, कर्ज वाढलं. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराला हे दुखणं न सांगता कळेल. डिसेंबरमध्ये लाइन थांबली.

आणि जानेवारीत डॅनियल सँडर्सनं केटीएमवर बसून डकार जिंकली! 2 मार्चला थायलंडमध्ये मोटोजीपीचा हंगाम सुरू झाला, तेव्हा केटीएमचे रायडर ग्रिडवर उभे होते. कारखान्याची लाइन मात्र अजून बंदच होती.

हे बघायला विचित्र वाटतं. देणेकरी दारात असताना शर्यत कसली? खर्चाची वही हातात घेतली, तर कुणीही पहिली काट रेसिंगवरच मारेल. मीही मारली असती. पण मग टाकीवर ‘रेडी टू रेस’ कुठल्या तोंडानं लिहायचं? शर्यत हा जाहिरातीचा खर्च म्हणायचा की खुद्द मालच, हे ठरवायला अकाउंटंट पुरत नाही. तिथं मालक लागतो.

(दृश्य: आकुर्डी, जुना मुंबई-पुणे रस्ता. बजाज ऑटोच्या मुख्यालयाच्या गेटसमोरून पीएमपीची बस जाते.)

फेब्रुवारी 2025 मध्ये देणेकऱ्यांनी तडजोड मान्य केली: रुपयामागं तीस पैसे. बाकीच्यावर पाणी. ते तीस पैसे भरायला आणि कारखाना परत हलवायला बजाजनं एकूण 80 कोटी युरोंची सोय केली. नोव्हेंबरमध्ये कंपनीचा ताबा पुण्याकडं आला. अठरा वर्षांपूर्वीचा छोटा भागीदार आता घरधनी.

(दृश्य: पुन्हा नाना पेठ. नव्या क्लचप्लेट बसताहेत.)

2027 पासून मोटोजीपीचे नियम बदलतात. इंजिन 1000 सीसीवरून 850 वर येणार, म्हणजे सगळ्यांनाच नवं इंजिन, नव्यानं खर्च. केटीएमच्या त्या खर्चाचा कागद आता आकुर्डीच्या टेबलावर येतो.

मेकॅनिक बटण दाबतो. इंजिन एकदा खोकतं, मग लागतं.