एका वेळी एकच डबी

नमस्कार, श्रोतेहो.

सकाळी डोळे उघडतात तेच अंग ठणकत. रक्ताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल! फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, असणाऱ्यांना हे मी काय सांगायचं? दुखणं खरंच असतं. मेंदू आणि नसा वेदनेचा आवाज वाढवून ऐकवतात, इतकंच. अशा वेळी कुणी सप्लिमेंटची डबी सुचवली, की हात पुढे होणारच.

ड जीवनसत्त्वाचं ठीक आहे. ते फार कमी झालं की हाडं मऊ पडतात आणि तेव्हाही अंग असंच दुखतं. म्हणून आधी तपासणी करा. रक्तातली पातळी मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढं घ्या. उगाच वाढवलंत, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. मॅग्नेशियमने दुखणं कमी होतं, याचा पुरावा तोकडाच. पोट मात्र बिघडू शकतं.

मला जास्त काळजी वाटते ती बी-६ जीवनसत्त्वाची. मल्टीव्हिटॅमिनमध्ये ते असतं, ‘नसांच्या’ गोळीत असतं, कधी मॅग्नेशियमच्या पावडरीतही असतं. बेरीज कुणी करत नाही. प्रमाण फार झालं, की हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आपल्याला वाटतं आजार वाढला, आणि आपण आणखी एक गोळी सुरू करतो!

झोपेसाठी फाइव्ह-एचटीपी घेणाऱ्यांनीही जपावं. शरीर त्यापासून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन बनवतं. दुखण्यासाठी ड्युलोक्सेटीन किंवा ट्रामाडॉल हे औषध चालू असेल, तर शरीरात सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं : थरथर, घाम, धडधड. आणि १९८९ साली अमेरिकेत काय झालं? झोपेसाठी एल-ट्रिप्टोफॅन, म्हणजे फाइव्ह-एचटीपी ज्यापासून बनतं तो पदार्थ, घेणारे शेकडो लोक स्नायूंच्या भयंकर दुखण्याने आजारी पडले, काही दगावले. बहुतेकांच्या गोळ्यांतला माल एकाच उत्पादकाकडचा होता.

तरीही करून बघायचंच असेल, तर एका वेळी एकच डबी, दीड-दोन महिने. रोज वहीत दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या, झोपेचे तास लिहा. नोंद गोळी सुरू करण्याआधी दोन आठवड्यांपासून हवी. कारण आपण गोळी आणतो ती दुखणं टिपेला गेल्यावर, आणि टिपेला गेलेलं दुखणं बरेचदा आपसूकच थोडं उतरतं. श्रेय डबीला जातं!

आणि डॉक्टरांकडे जाताना नुसती नावं सांगू नका. सगळ्या डब्या पिशवीत घालून न्या. मागचं बारीक अक्षर त्यांनाच वाचू दे.