हात पोचेल तिथं दिवाळी

(दृश्य : माहीमची कंदील गल्ली. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, ओळीनं टांगलेले कंदील.)

दिवाळीच्या तोंडावर कंदील गल्लीतून चालायचं ते मान वर करूनच. षटकोनी, चांदणीचा, लांब झिरमिळ्यांचा. खरेदीला आलेल्यांत पिकल्या केसांची मंडळी पुष्कळ, आणि घासाघीस करण्यात तीच पुढे. पण कंदील घरी आला की एक प्रश्न निघतो, तोही नेमका ऐन घाईच्या संध्याकाळी. हा वर टांगणार कोण?

(दृश्य : बाल्कनी. प्लॅस्टिकची खुर्ची, तिच्यावर चढवलेलं स्टूल.)

बऱ्याच घरांत उत्तर हे असं असतं. मुलगा ऑफिसात, सून लोकलमध्ये, आणि पंच्याहत्तरीचे बाबा "दोन मिनिटांचं तर काम" म्हणत खुर्चीवर. मान वर, हात वर, डोळे वर. या वयात तोल जायला एवढं पुरतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चक्कर येते, ती वेगळीच. पडल्यावर खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळू शकतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला मार साधा समजायचाच नाही. वरून खोक पडलेली नसली तरी लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

यावर घरोघरी एकच तोडगा निघतो. "आई, तू काही करू नकोस, नुसती बसून राहा." म्हणजे जिनं चाळीस वर्षं या घराची दिवाळी मांडली, तिला सोफ्यावर पाहुणी करून टाकायचं. आम्हाला हा तोडगा पटत नाही. सजावट त्यांचीच राहू दे. उंची तेवढी खाली आणू या.

(दृश्य : जुन्या वाड्याच्या अंगणात उभी काठी, टोकाला आकाशदिवा.)

आणि हे काही नवं नाही. पूर्वी आकाशदिवा उंच काठीवर दोरीनं चढवायचे. संध्याकाळी खाली घ्यायचा, तेलवात बघायची, पुन्हा वर ओढायचा. दिवा वर, माणूस जमिनीवर.

(दृश्य : डोंबिवलीतलं एक घर. आजी गॅलरीत, हातात दोरी.)

या घरात तीच युक्ती वेगळ्या रूपात दिसते. गॅलरीच्या छताला कपडे वाळत घालायचे दांडे आहेत, कप्पीवर खाली-वर होणारे. आजींनी कडेचा एक दांडा रिकामा केला, छातीइतका खाली घेतला, त्याला कंदील बांधला आणि दोरी ओढून वर नेला. दोरीला खालच्या खुंटीवर दोन वेढे आणि एक गाठ. दांडे नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात सुटी कप्पी मिळते. ती छताला बसवायचं काम मात्र कारागिराचं, एकदाच.

वायर ढिली सोडली आहे, ते नीट बघा. कंदिलाचं वजन दोरीवर पडायला हवं, वायरवर नाही. आत एलईडी बल्ब आहे. जुना पिवळा बल्ब तापतो आणि पतंगी कागद त्याच्यापासून चार बोटांवर असतो. बटण भिंतीवर, हाताशी. एक्स्टेन्शनची वायर वाटेत आडवी टाकलेली नाही. रात्री बाथरूमला उठलेल्या माणसाचा पाय तिच्यातच अडकतो.

माळांबद्दल एक सांगायला हवं. लुकलुकणाऱ्या माळा दुकानात छान दिसतात. पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यांची तिरीप त्रास देते. वय वाढलं की डोळ्यांना उजेड जास्त लागतो, तोही स्थिर. तेव्हा सजावटीसाठी घरातले नेहमीचे दिवे बंद करायचे नाहीत. वातावरणनिर्मिती जरा कमी झाली तरी चालेल.

(दृश्य : टेबलावर काळा रंग दिलेला प्लायवूड. आजी खुर्चीत, चिमटीतून रांगोळी सोडताना.)

रांगोळी. गुळगुळीत टाइल्सवर तिची भुकटी पायाखाली आली की घसरायला होतं. उकिडवं बसणं गुडघ्यांना नको असतं, आणि बसलं तरी उठायचं कसं हा पुढचा प्रश्न. इथं रांगोळी टेबलावर उतरली आहे. आधी ठिपके, मग रेघा. हात थरथरतो, रेघ जराशी वाकते. आजी ती पुसत नाहीत. तिथंच एक पाकळी काढून मोकळ्या होतात. पूर्ण झाल्यावर नातवानं फळी उचलून दाराच्या बाजूला ठेवली. बाजूला, उंबऱ्यासमोर नाही. शेजारी फराळाचं ताट घेऊन येतात, तेव्हा त्यांची नजर ताटावर असते. फुलांची रांगोळी काढलीत तरी जागा हीच. ओल्या पाकळ्याही घसरवतात.

तोरणाला फार शिकवण लागत नाही. झेंडू आणि आंब्याची पानं बसल्या जागी, जाड सुईनं ओवायची. चौकटीला दोन हुक एकदा ठोकून घेतले, की बांधायचं काम उंच माणसाचं.

(दृश्य : परातीत वाळू, वाळूत पणत्या.)

पणत्यांचं तसं नाही. त्यांना वेळ द्यायला हवा. कोऱ्या पणत्या आधी पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे त्या तेल कमी पितात आणि खाली डाग पडत नाही. मग परातीत वाळू घालून त्यात बसवा. कलंडल्या तरी तेल परातीतच राहतं. परात टेबलावर ठेवा, पडद्यापासून लांब. पेटवायला काडी नको, लांब नळीचा लायटर बरा. पदर खोचलेला. सिंथेटिक गाऊन तर नकोच. सुती साडी बरी, पण सुतालाही आग लागते हे विसरू नका.

पेटलेला दिवा हातानं मालवायला अनेकींचं मन धजत नाही. त्याला सोपी वाट आहे. तेल बेतानं घाला. तासाभरात दिवा आपला आपण शांत होतो आणि कुणाला रात्री उठावं लागत नाही. घरात कुणाला ऑक्सिजन चालू असेल, तर मात्र त्या घरात उघडी ज्योत नाहीच. तिथं पाणी घातल्यावर उजळणारे छोटे दिवे लावावेत. आम्हाला ते जरा खोटे वाटतात, पण काम करतात.

बोट भाजलंच, तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळदही नाही. जास्त भाजलं तर 108.

(दृश्य : बाथरूमजवळ ठेवलेलं कारीट. पाट. तेलाची वाटी.)

नरकचतुर्दशीची पहाट सजावटीत येत नाही, तरी सांगतो. अंगाला तेल, ओली फरशी, आणि डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, म्हणजे घटकाभर एका पायावर उभं राहायचं. खुर्चीत बसून फोडा. नरकासुराची काही तक्रार नसावी.

(दृश्य : गॅलरी. कंदील अजून टांगलेला, बिल्डिंगमधले बाकीचे उतरलेले.)

राहिलं ते उतरवायचं. कंदील बरेच जण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. तोवर सुट्टीला आलेली मुलं परत गेलेली असतात आणि घरात पुन्हा दोघंच. कप्पी असेल तर प्रश्न नाही. वर चिकटवलेल्या माळा काढायला कोण येणार, हे लावतानाच मुलांकडून कबूल करून घ्या. नाही आले, तर राहू द्या संक्रांतीपर्यंत. प्लग तेवढा काढून ठेवा.