दम खा, मग बोल

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझी मावशी तासगावहून माझ्याकडे सांगलीला राहायला आली. वय 72. दम्याचा त्रास जुना. डॉक्टरांनी तिला तोंडाने ओढायचं औषध दिलं होतं, ज्याला आपण सगळे नुसतं ‘पंप’ म्हणतो. महिनाभर ती तो नेमाने घेत होती आणि गुण काही येत नव्हता. एकदा मी समोर बसून बघितलं. तिने पंप तोंडात धरला, दाबला, फवारा सुटला आणि ती तोंड मिटून तशीच बसली. श्वास आत ओढलाच नाही. औषध सगळं जिभेवर आणि टाळूला. छातीत उतरलं असेल तर कणभर.

मी खोक्यातला कागद काढला. मराठीतच होता. त्यावर छापलं होतं, ‘अंतःश्वसन करताना कळ दाबावी.’ मावशी म्हणाली, “वाचलं की गं मी. पण अंतःश्वसन म्हंजे काय करायचं, ते कुठं लिवलंय?”

श्रोतेहो, तेव्हापासून हा शब्द माझ्या मनातून जात नाही. जन्मल्याबरोबर माणूस पहिली गोष्ट करतो ती ही, हवा आत घेतो. तिचं नाव आयुष्यभर मराठी बोललेल्या बाईला कळू नये, यात तिचा काय दोष? आणि मराठीत त्यासाठी शब्द नाहीत असं तर मुळीच नाही. आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसांत कधी उभे राहून बघा. हवेत ती पिवळी धूळ, पाठीवरचं पोतं उतरवून हमाल थप्पीला टेकतो, डोक्याचा पंचा सोडून मान पुसतो. घाईतल्या गाडीवाल्याने हाक मारली की म्हणतो, “जरा दम खाऊ द्या की मालक.”

दम खाणे. फारसीत दम म्हणजे श्वास. तिथून तो आपल्याकडे आला आणि असा मुरला की परका वाटतच नाही. शम-दमातला ‘दम’ वेगळा. तो संस्कृत, मनाला आवर घालणे या अर्थाचा. कानाला दोन्ही सारखे, कूळ निराळं. पण मला नवल वाटतं ते ‘खाणे’ या क्रियापदाचं. मराठी माणूस श्वास नुसता घेत नाही, तो खातो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर हवा खायला जातो. आणि उधळलेल्या पोराला आपण काय म्हणतो? वारं प्यालेलं वासरू!

हे गावंढळ बोलणं आहे असं कुणाला वाटत असेल, तर पतंजलींच्या योगसूत्रांवरचं व्यासभाष्य बघावं. प्राणायामाच्या सूत्रात श्वास आणि प्रश्वास असे दोन शब्द येतात. भाष्यकार श्वासाचा अर्थ देतात तो असा: ‘बाह्यस्य वायोः आचमनं श्वासः.’ बाहेरच्या वायूचं आचमन म्हणजे श्वास. आचमन, म्हणजे पळीभर पाणी तळहातावर घेऊन प्यायचं ते. भाष्यकारांनी हवा प्यायली, आमच्या हमालाने खाल्ली. मला या दोघांत अंतर दिसत नाही. आत घेतलेली हवा अंगी लागते, हे दोघांनाही ठाऊक आहे.

दम खाऊ दिला नाही तर काय होतं, हे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्याला चांगलं माहीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, 1952, हेलसिंकी ऑलिंपिक. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची कुस्ती लांबली, ते हरले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोवसमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती हक्काने मागायला बाजूला आपला कुणी अधिकारी नव्हता, असं सांगतात. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तो अर्धा तास आठवला की अजून जीव हळहळतो.

आत घेतलेला श्वास ठेवायचा, तर त्याला आपण म्हणतो दम धरणे. योगातला कुंभक तो हाच. पण आपण त्याचा अर्थ धीराकडे नेला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट. आमच्या गल्लीत माणसं माडीवर बसून पायऱ्या मोजत होती, कालपेक्षा किती बुडाल्या. एक म्हातारे गृहस्थ दर तासाला एवढंच सांगत होते, “दम धरा. उतरंल पाणी.” त्या शब्दाने छातीत खरंच हवा भरल्यासारखं व्हायचं.

आणि मिरजेचा एक शब्द सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दमसास. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. ते गेले 1937 मध्ये, आणि तिथल्या दर्ग्यात आजही त्यांच्या आठवणीने गायन-वादन होतं. गवयाचा दमसास चांगला आहे म्हणजे एका श्वासात तो सूर लांबवर नेतो, आणि पुढचा श्वास कुठे घेतला ते ऐकणाऱ्याला कळूही देत नाही. शब्दाची घडण बघा: दम फारसी, सास आपल्या श्वासापासून आलेला. अर्थ दोन्हींचा एकच. बाजारहाट, धनदौलत, कागदपत्र, तशीच ही जोडी. मिरजेच्या दर्ग्यात हा शब्द जितका शोभतो तितका दुसरा कुठला शोभेल असं मला वाटत नाही.

तर मावशी. तिला मी म्हटलं, “मावशी, आबा तपकीर ओढायचे ना? तसंच, पण तोंडाने, आणि हळू.” ती लगेच म्हणाली, “ओढायचं व्हय! मग तसं लिवायचं.” ओढणे! विडी ओढतात, तपकीर ओढतात, आणि औषधाच्या कागदावर मात्र अंतःश्वसन. डॉक्टरांकडे नेऊन तिची रीत पक्की करून घेतली. तुम्हीही तसंच करा, कारण फवाऱ्याचा पंप सावकाश ओढायचा असतो, तर कॅप्सूलमधल्या पुडीचा पंप जोरात. क्रियापदासोबत ‘सावकाश’ की ‘जोरात’ हे नीट सांगितलं नाही तर औषध फुकट.

मग एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून मी ते तिच्या खाटेशेजारी भिंतीला चिकटवलं. अजून तिथेच आहे:

आधी श्वास सोड. पंप तोंडात धर. सावकाश ओढायला लाग आणि ओढता ओढता दाब. दहा मोजेपर्यंत दम धर. दुसऱ्यांदा घ्यायचा असेल तर आधी मिनिटभर दम खा.

नमस्कार.