केबिनची चतुःसीमा

(बेळगावातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण, थोडं संपादन करून.)

नमस्कार मंडळी.

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला फोन केले. इथं चोर्ला घाटातला रस्ता धड नाही आणि तुम्ही अलास्काच्या जहाजातल्या खोल्यांवर बोलणार? बोलणार. कारण टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठल्याही गल्लीत जा, चार घरांआड एक मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत आहे. आईवडील तिकडे गेले की मुलं प्रेमानं म्हणतात, "या वेळी अलास्का करूया." बाकी सगळ्याची चौकशी होते, पण केबिन मात्र दहा मिनिटांत, फक्त दर बघून घेतली जाते. आम्हीही तशीच घेतली होती.

२०१८ साली जूनमध्ये आम्ही सिॲटलहून सात रात्रींच्या सफरीला गेलो. मी, आमचे हे, मुलगा आणि माझी आई. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे गेलेले, पण उत्साह दांडगा. बुकिंग करणाऱ्यानं आम्हाला 'गॅरंटी' केबिन सुचवली. म्हणजे काय, तर प्रकार ठरलेला, आतली, खिडकीची का बाल्कनीची एवढंच. नंबर कंपनी देणार, सवडीनं देणार आणि दिला की बदलून मिळेल याचा भरवसा नाही. दर कमी म्हणून आम्ही हो म्हटलं. आईसाठी म्हणून खिडकीची घेतली. पहिल्या दिवशी आईनं हौसेनं पडदा सरकवला. समोर केशरी रंगाची लाइफबोट, खिडकी भरून. वर एक वीतभर आकाश.

ग्लेशियर बे म्हणजे अलास्कातला हिमनद्यांचा उपसागर. त्या दिवशी आम्ही तिला वरच्या डेकवर, म्हणजे जहाजाच्या उघड्या मजल्यावर नेलं. भुरभुर पाऊस, फळ्या ओल्या, कठड्याशी माणसांच्या तीन-तीन रांगा. दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "मला खाली सोड, तुम्ही बघा." जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र केबिनमधल्या टीव्हीवर येतं. माझ्या आईनं ती हिमनदी टीव्हीवर बघितली. दोन वर्षांनी ती गेली. तेव्हापासून कुणी क्रूझचं नाव काढलं की मी आधी विचारते, केबिन कुणासाठी घेताय?

आता ती जागा कशी आहे ते सांगते, म्हणजे मी एवढं का बोलते ते कळेल. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या इंग्रज दर्यावर्दीच्या मोहिमेतली माणसं तिथं पोचली तेव्हा आजच्यासारखा उपसागर नव्हताच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. बर्फ मागं मागं सरत गेला. आज जहाज त्याच जागेतून शंभर किलोमीटर आत जातं. दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते. एवढं आत जाऊन परत यायचं, म्हणून हा दिवसभराचा कार्यक्रम आहे. सकाळी आत शिरलेलं जहाज संध्याकाळकडे बाहेर पडतं. मार्जरी हिमनदीसमोर तासभर थांबतं. दिवसभर डेकवर कोण उभं राहू शकतं आणि कोण नाही, हे आपल्या घरातल्या माणसांचे चेहरे आठवून ठरवायचं.

थंडीत बाल्कनी कशाला, असं सगळेच विचारतात. मला उलट वाटतं. गरम मुलुखातल्या क्रूझवर माणसं पोहण्याच्या तलावाशी नाहीतर किनाऱ्यावर असतात, बाल्कनी रिकामीच. थंड मुलुखात माणूस पाच मिनिटं बाहेर येतो, हात गारठले की आत जातो, गरम होऊन पुन्हा येतो. हे डेकवर जमत नाही. तिथं जागा सोडली की गेली.

दुसरं कारण आवाजाचं. हिमनदीचा कडा तुटतो त्याचा गडगडाट होतो. पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जहाज कड्यापासून किलोमीटरभर असेल, तर आवाज तुमच्याकडे यायला तीन सेकंद लागतात. म्हणजे आवाज ऐकून जो केबिनमधून धावत सुटतो त्याला पाण्यात उठलेली लाट तेवढी दिसते. पडताना बघायचं असेल तर नजर आधीपासून तिकडे लागलेली हवी. ज्याला बसूनच बघायचंय त्याला बाल्कनी हवीच. खिडकी हा मधला मार्ग आहे, तीही चालते, पण समोर काही आडवं नाही याची खात्री करून. ज्यांचे पाय धड आहेत, जे पहाटे चारला उठून डेकवर जाणार आहेत, त्यांनी खुशाल आतली, बिनखिडकीची घ्यावी. जूनमध्ये तिथं पहाटे चारच्या सुमारास उजाडतं आणि रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. आतल्या केबिनमध्ये मात्र मिट्ट काळोख, झोप छान लागते. एका घराच्या दोन केबिन होणार असतील तर आजी-आजोबांना बाल्कनी आणि तरुणांना आतली, ही वाटणी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. एका बाल्कनीत घर मावतं.

आता नंबर. आपण शेत घेताना काय करतो? उतारा बघतो, चतुःसीमा बघतो. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ओढा कुठून जातो. तशी केबिनची चतुःसीमा बघायची, आणि तिला आणखी दोन बाजू आहेत, वर आणि खाली. प्रत्येक जहाजाचा मजल्यामजल्याचा नकाशा मिळतो, त्याला डेक प्लॅन म्हणतात. आपला नंबर शोधा, मग त्याच जागी वरच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर तलाव किंवा जेवणघर असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट. खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल. अगदी पुढं नांगराची साखळी, बंदरात शिरताना ती सुटते तेव्हा भिंत थरथरते. अगदी मागं इंजिनाची कंपनं. वरही केबिन, खालीही केबिन, अशी मधोमध सापडलेली खोली सगळ्यांत शांत. लाइफबोटीसुद्धा त्याच नकाशावर काढलेल्या असतात. आमच्यावर आलेली वेळ हा कागद बघून टाळता आली असती.

हेलकाव्यांचं म्हणाल तर आपल्याला ते एसटीनं शिकवलंय. चोर्ल्याच्या वळणावर मागच्या सीटवरचा माणूस उडतो, मधला बसून असतो. जहाजही मधोमध आणि खालच्या मजल्यावर सगळ्यांत कमी हलतं. यात एक बारकावा आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून निघणारी जहाजं बरीचशी बेटांच्या आडोशानं जातात, पाणी शांत असतं. सिॲटलहून निघणारी बऱ्याचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. ज्याला घाटात पोटात ढवळतं त्यानं सिॲटलची सफर घेताना उंचावरची, टोकाची केबिन घेऊ नये, कितीही देखणी असली तरी.

डावी बाजू घ्यावी की उजवी, याचा लोक फार विचार करतात. जाऊन-येऊन सफर असेल तर त्याला अर्थ नाही. जाताना चुकलेलं येताना दिसतं आणि हिमनदीसमोर जहाज सावकाश वळवतात. व्हँकुव्हरहून वर अलास्कातल्या सुअर्ड बंदराकडे एकाच दिशेनं जाणार असाल तर उजवी बाजू बघा, कारण शेवटच्या उघड्या टप्प्यात किनारा त्या हाताला असतो.

वयस्कांसाठी दोन गोष्टी मात्र मुलांना बजावून सांगा. तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत घातला की त्याचा बिछाना बहुधा छतातून खाली येतो, शिडी चढून जावं लागतं. आपण रेल्वेत लोअर बर्थसाठी केवढी धडपड करतो! आणि न्हाणीघराला उंबरा असतो. आई त्यालाच अडखळली होती. बिनउंबऱ्याच्या, रुंद दाराच्या केबिन असतात, पण मोजक्या, म्हणून लवकर मागाव्या लागतात. लिफ्ट जवळ हवी, पण दाराला लागून नको.

किटली आणि इस्त्री नेऊ नका, जहाजावर काढून घेतात. व्हिसा अमेरिका आणि कॅनडा, दोन्ही देशांचे लागतात. परदेशी नोंदणीच्या जहाजानं अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं तर मध्ये परक्या देशाचं बंदर घ्यावं लागतं. हा तिथला १८८६ सालचा कायदा आहे, म्हणून सिॲटलची जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात.

नॉर्वेचं कुणीतरी चिठ्ठीवर विचारलंय. तिथं हिवाळ्यात उत्तरेचा प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, बघायला जाणार असाल तर बाल्कनीवर पैसे घालू नका. तो आकाशात कुठल्या बाजूला उमटेल सांगता येत नाही, उघड्या डेकवरच जावं लागतं. तोच पैसा चांगल्या जाकिटावर घाला. अंटार्क्टिकाला ड्रेक सामुद्रधुनीचे दोन दिवस फार हलवतात, तिथं खालची, मधली केबिन, दुसरा विचारच नको.

२०२३ मध्ये आम्ही पुन्हा गेलो, या वेळी वन्संना घेऊन. त्यांनाही गुडघ्यांचाच त्रास. बाल्कनी घेतली, नंबर स्वतः निवडला, नकाशाचा प्रिंट काढून वर-खाली बोट ठेवून बघितलं. ग्लेशियर बेच्या दिवशी वन्सं दोन शाली गुंडाळून खुर्चीत बसल्या त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत. एकदा त्यांनी नुसतंच माझं मनगट धरलं. मी बघितलं तर कड्याचा एक मोठा थोरला तुकडा सुटून खाली चालला होता, अगदी मुका. मग आवाज आला. "अगं, आवाज आत्ता कसा आला?" त्या म्हणाल्या. मी त्यांना ते तीन सेकंदांचं गणित सांगितलं, आणि सांगता सांगता मला बोलवेना.

माझ्याकडे इथं टेबलावर तीन-चार जहाजांचे नकाशे आहेत. ज्यांचं बुकिंग झालंय त्यांनी आपला केबिन नंबर घेऊन पुढं या, आपण बरोबर बसून चतुःसीमा बघू.